गॅलरीतली सेंद्रिय भाजी: ठाणे-नवी मुंबईकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घोडबंदर रोडच्या विसाव्या मजल्यापासून वाशीच्या रो-हाऊसपर्यंत सगळीकडून हेच प्रश्न फिरून फिरून येतात, म्हणून एकदाच नीट लिहून ठेवले आहेत. उत्तरं इथल्या दमट हवेची आणि इथल्या पावसाची आहेत. पुण्या-नाशिकच्या मंडळींनी ती जशीच्या तशी उचलू नयेत.

गॅलरी जेमतेम चार बाय दहा फूट आहे. घरची भाजी भागेल का?

नाही. चौघांच्या घराला लागणारी भाजी चाळीस चौरस फुटांत होत नाही, आणि होते असं सांगणाऱ्याकडून ग्रो बॅग घेऊ नका. कांदे, बटाटे, फ्लॉवर आणायला जांभळी नाका किंवा सेक्टरचं मार्केट आहेच.

मात्र कढीपत्ता, पुदिना, गवती चहा, ओव्याची पानं आणि मिरची बाराही महिने घरची होऊ शकते. पावसाळाभर अळू नि मायाळू, थंडीत मेथी, कोथिंबीर, मुळ्याचा पाला. बाजारातून जुडी आणली की निम्मी फ्रीजमध्ये काळी पडते; कुंडीतून लागतील तेवढीच चार पानं खुडता येतात. शिवाय पालेभाजीचं आपण पानच खातो, सोलून टाकायला साल नसते. फवारणी न केलेली भाजी घरी करायची तर पाल्यापासूनच करावी.

कोल्हापूरचे श्री. अ. दाभोळकर मूळचे गणिताचे प्राध्यापक. त्यांच्या प्रयोग परिवाराने, म्हणजे प्रयोग करणाऱ्या शेतकऱ्यांच्या गटाने, दहा गुंठ्यांत कुटुंब कसं जगेल याचा हिशोब मांडला, तो पानावर पडणाऱ्या उन्हापासून सुरू होतो. फ्लॅटवाल्यांकडे जमीन नाहीच, तेव्हा आपणही ऊनच मोजायला घ्यावं.

मग पहिल्या दिवशी काय विकत आणू?

काही नाही. आधी आठवडाभर गॅलरीत ऊन कुठून कुठे सरकतं ते बघा. कुंडी ठेवायची त्या जागी तळहात आडवा धरा. हाताची सावली रेखीव पडली तर ते थेट ऊन. पुसट पडली तर तो नुसता उजेड. रेखीव सावली तीन-चार तास पडत असेल तर पालेभाजी येते. मिरची, वांगी, टोमॅटो, भेंडी यांना पाच-सहा तास लागतात. समोर नवा टॉवर उभा राहत असेल तर त्याची सावलीही धरा. आपल्याकडे हे दर दोन वर्षांनी मोजावं लागतं.

आमची गॅलरी दक्षिणेला (पूर्वेला, पश्चिमेला, उत्तरेला) आहे. काय लावू?

सगळ्यांत जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि बाकीचं बरंचसं याच्या उत्तरावर ठरतं.

ठाणं साधारण १९.२ अंश उत्तर अक्षांशावर आहे. डिसेंबरात भर दुपारीही सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, क्षितिजापासून सुमारे ४७ अंशांवर. हे तिरपं ऊन वरच्या मजल्याच्या स्लॅबखालून थेट गॅलरीत शिरतं. मे महिन्याच्या मध्यापासून जुलैच्या शेवटच्या आठवड्यापर्यंत दुपारचा सूर्य डोक्यावरून किंचित उत्तरेला गेलेला असतो, तेव्हा याच दक्षिण गॅलरीला स्लॅबची सावली मिळते. हिवाळ्यात भरपूर ऊन, मे महिन्यात सावली, भाजीला आणखी काय हवं? दक्षिण गॅलरीवाल्यांनी ऑक्टोबर ते फेब्रुवारी वाया घालवू नये. टोमॅटो, वांगी, मेथी, मुळा, पालक, वालाच्या शेंगा, सगळं तेव्हाच.

पूर्वेचं सकाळचं ऊन कोवळं. कोथिंबीर, पालक, माठ, पुदिना खूश असतात. पश्चिमेला दुपारी दोननंतर भिंत तापते आणि रात्री आठपर्यंत धग सोडत राहते. तिथे मिरची, वांगी, गवार, गवती चहा, तुळस, पानओवा अशी चिवट मंडळी ठेवा, आणि एप्रिल-मे महिन्यांत पन्नास टक्क्यांची हिरवी शेडनेट बांधा.

उत्तर गॅलरीवाले उगाच खट्टू होतात. अळू, हळद, आलं, नागवेल यांना तिखट ऊन नकोच असतं. टोमॅटोचा हट्ट मात्र तिथे धरू नये.

गॅलरीला आणि गच्चीला वजन किती चालतं?

विचारताय हे बरं. बारा इंची कुंडीत साधारण पंधरा लिटर माती मावते आणि ओली झाली की ती पंचवीस किलोच्या आसपास भरते. अशा पंधरा कुंड्या म्हणजे जवळजवळ चारशे किलो.

गच्चीबद्दल गैरसमज फार आहेत. ‘स्लॅब मजबूत आहे, ट्रक उभा राहील’ असं सेक्रेटरी छातीठोकपणे सांगतात. भारतीय मानक ८७५ च्या दुसऱ्या भागात राहत्या खोलीसाठी धरलेला भार आहे चौरस मीटरला २ किलोन्यूटन, म्हणजे सुमारे २०० किलो; आणि जिथे माणसं जा-ये करतात अशा सपाट गच्चीसाठी १.५ किलोन्यूटन, सुमारे १५० किलो. म्हणजे गच्चीची अपेक्षा खोलीपेक्षा कमीच. आता दहा इंच जाडीचा लाल मातीचा वाफा घ्या: ओला असताना चौरस मीटरला चारशे किलोंच्या वर. गच्चीभर वाफे घालायचे असतील तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवल्याशिवाय एक घमेलंही वर नेऊ नका. कुंड्या ठेवायच्याच तर खाली बीम किंवा भिंत असेल अशा रेषेत, कडेकडेने, विटांवर उचलून, म्हणजे वॉटरप्रूफिंगही दिसत राहील.

छज्ज्यावर आणि कठड्यावर कुंडी नको. तारेने बांधलेलीही नको. जूनमधला वारा आणि खालून जाणारी शाळेची मुलं, एवढं आठवलं तरी पुरे.

सोसायटीची परवानगी लागते का?

गच्ची सगळ्यांची, तिथे लागते, आणि लेखी घ्या. स्वतःच्या गॅलरीत भांडण होतं ते खालच्यांच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर मातकट पाणी पडतं म्हणून. कुंडीखाली ताटली आणि पाणी झारीने बेताने, एवढ्यावर ते मिटतं. अधूनमधून खालच्या काकूंना अळूची पानं पाठवली तर आणखी लवकर मिटतं.

माती कुठून आणायची?

नर्सरीतून लाल मातीचं एखादं पोतं आणा, पण नुसती तीच भरू नका. इथली लाल माती दोन पावसांत घट्ट बसते आणि सुकली की विटेसारखी टणक होते. मुळांना पाण्याइतकीच हवा लागते. दोन भाग माती, दोन भाग कुजलेलं खत (शेणखत, गांडूळखत किंवा घरचं), एक भाग कोकोपीट (नारळाच्या सोडणाचा भुसा) आणि कुंडीला मूठभर निंबोळी पेंड, हे मिश्रण बहुतेकांना चालतं. कोकोपीट आधी भिजवून, पाणी ओतून देऊन, पिळून घ्या. त्यात क्षार असतात. कुंडी थेट पावसात राहणार असेल तर कोकोपीट वगळा आणि भाताचं तूस किंवा जाड रेती घाला, नाहीतर ऑगस्टपर्यंत तळाशी चिखल होतो.

तीन ठिकाणची माती नको. बांधकामावरची, कारण तिच्यात चुना आणि सिमेंट असतं. खाडीकाठची, कारण ती खारी. आणि येऊरच्या जंगलातली, कारण ते संजय गांधी राष्ट्रीय उद्यान आहे आणि तिथून काही उचलून आणणं गुन्हा आहे, मग ती पिशवीभर काळी माती का असेना. नवी मुंबईतल्या रो-हाऊसवाल्यांनी पुढच्या अंगणाची जमीन फूटभर खणून बघावी. सिडकोच्या बऱ्याच सेक्टरांखाली मुरमाचा भराव आहे. तो लागला तर खणत बसण्यापेक्षा त्याच्यावर विटांचा उंच वाफा रचलेला बरा.

रसवंतीची चिपाडं वापरता येतात असं ऐकलंय. खरं का?

खरं, आणि वजनाची अडचण असलेल्यांसाठी याहून चांगला उपाय मला माहीत नाही. मुंबईत डॉ. आर. टी. दोशी यांनी वांद्र्याच्या गच्चीवर हीच पद्धत रुळवली. पिशवीत किंवा पिंपात उसाची चिपाडं दाबून भरायची, वर खत आणि थोडीशी माती. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या कँटीनच्या गच्चीवर प्रीती पाटील यांनी उभी केलेली बागही स्वयंपाकघरातल्या टाकाऊ मालावर आणि पाल्यापाचोळ्यावरच वाढली.

रसवाला चिपाडं फुकट देतो, उलट त्याचा उकिरडा हलका होतो. पण ताजी चिपाडं गोड असतात आणि मुंग्यांची रांग लागते. ती बोटभर लांबीची कापा, एकदा धुवा, शेणाचं पाणी किंवा आंबट ताक शिंपडून पोत्यात पंधरा दिवस मुरू द्या. मग पिंपाला भोकं पाडून थर द्या: चार बोटं चिपाड, दोन बोटं खत, पुन्हा चिपाड, आणि सगळ्यांत वर तीन-चार इंच माती-खताचं मिश्रण, त्यात रोप. दोन महिन्यांत सगळं खाली बसतं, तेव्हा वरून भर घाला. पानं पिवळट पडू लागली तर घाबरू नका. चिपाडं कुजताना नत्र ओढून घेतात. ओंजळभर शेंगदाणा पेंड भिजवून दिली की पंधरवड्यात रंग परततो.

ओल्या कचऱ्याचं खत फ्लॅटमध्ये करता येतं? वास येतो ना?

वास येतो तो नुसता ओला कचरा साठवला तर. एक वाटी भाजीची देठं-सालं टाकली की त्यावर दोन-तीन वाट्या सुका पाचोळा, हे प्रमाण पाळलं तर डबा स्वयंपाकघराच्या ओट्याखालीही चालतो. ओलं म्हणजे नत्र, सुकं म्हणजे कर्ब. कर्ब कमी पडला आणि हवा खेळली नाही की कुजण्याऐवजी आंबणं सुरू होतं आणि शेजारचे दार वाजवतात.

डबा साधा वीस लिटरचा प्लास्टिकचा. बाजूंना आणि बुडाला भोकं, खाली ताटली. तळाला नारळाच्या शेंड्या, मग मूठभर जुनं खत किंवा आंबट ताकाचा शिपका, मग रोजचा थर. आठवड्यातून दोनदा काडीने वरखाली करा. मूठ दाबली तर ओल लागावी, पाणी गळू नये. डबा भरला की बाजूला ठेवून दुसरा सुरू करायचा. दीड-दोन महिन्यांनी पहिला उघडला की काळसर, भुसभुशीत, पहिल्या पावसाच्या मातीच्या वासाचं खत मिळतं. लिंबा-संत्र्याची सालं थोडी चालतात. तेलकट उष्टं, मटणाची हाडं, मासळीची टरफलं नको. गावी नारळाच्या बुंध्याशी मासे धुतलेलं पाणी टाकतात ते ठीक आहे. फ्लॅटमध्ये त्या वासावर उंदीर येतील.

अडतं ते पाचोळ्यापाशी. पावसाळ्यात, नेमका लागतो तेव्हाच, तो सुका मिळत नाही. म्हणून फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये सोसायटीतल्या बदामाची, पिंपळाची पानं गळतात तेव्हा झाडूवाल्या मावशींना सांगून दोन-तीन पोती भरून जिन्याखाली कोरडी ठेवा. बदामाची पानं जाड असतात, चुरून टाका. पाचोळा संपलाच तर पुठ्ठ्याचे बारीक तुकडे.

डब्यात जाड पांढुरक्या अळ्या वळवळतायत. फेकून देऊ?

नका देऊ. बहुधा त्या ब्लॅक सोल्जर माशीच्या अळ्या असतात. पावसाळ्यात हमखास येतात, कचरा भराभर संपवतात, चावत नाहीत. दिसायला ओंगळ आहेत, मान्य. सुकं वाढवलं की कमी होतात.

पावसाळ्यात सगळं सडतं. जून ते सप्टेंबर बाग बंद ठेवायची का?

ठाण्यात वर्षाला सुमारे २,५०० मिलिमीटर पाऊस पडतो आणि जवळपास सगळा या चार महिन्यांत. त्यात कोथिंबीर आणि टोमॅटो लावून निराश होणारे दर वर्षी भेटतात. पण हा मोसम कोकणातल्या परसाचा आहे, आपणही तेच लावावं.

अळू पहिलं. वडीसाठी काळ्या देठाचं, फदफद्यासाठी हिरवं. कंद ओळखीच्या घरून किंवा विश्वासाच्या भाजीवाल्या मावशींकडून मागून घ्या. शोभेचं रंगीत अळू खायचं नसतं. मायाळूची फांदी खोचली तरी जगते, ग्रिलवर चढते आणि भजीला पानं पुरवते. हळदीचे डोळे असलेले तुकडे मे महिन्यात फूटभर खोल कुंडीत पुरले की नागपंचमीच्या सुमारास पातोळ्यांना पानं मिळतात, गौरी-गणपतीला तर भरपूर, आणि जानेवारी-फेब्रुवारीत पानं वाळली की ओली हळद खणायची. एका कुंडीतून इतकं देणारं दुसरं झाड माझ्या पाहण्यात नाही. शिवाय भेंडी, दोडका, तोंडली.

कुंडीत आपोआप टाकळा उगवला तर उपटू नका. ठाणे स्टेशनबाहेर आदिवासी बायका जुलैत ज्या रानभाज्या विकतात त्यातलीच ती. कोवळी असताना कांद्यावर परता. पण ओळख पक्की असेल तरच. रानभाजी अंदाजाने खायची नसते.

थंडीची भाजी कधी पेरायची?

गणपती गेले की कुंड्यांतली माती उकरून, खत घालून, दोन दिवस उन्हात ठेवा. टोमॅटो, वांगी, मिरचीची रोपं सप्टेंबरअखेर ट्रेमध्ये, म्हणजे दिवाळीच्या आगेमागे कुंडीत जातात. मेथी, मुळा, पालक नवरात्रापासून पुढे, दर पंधरा दिवसांनी थोडं थोडं. धणे रगडून दोन फाडी करून पेरा, आठ-दहा दिवस धीर धरा. ज्यांना अजिबातच धीर नाही त्यांनी समुद्रमेथी करावी: पसरट थाळ्यात ओली रेती, वर मेथीदाणे दाट, आणि आठवडा-दहा दिवसांत मुळासकट उपटायची. थर्माकोलचा मासळीचा डबाही चालतो, धुऊन.

फुलं येतात आणि गळतात. फळ धरत नाही.

वरच्या मजल्यांवर मधमाश्या कमी पोचतात. टोमॅटो, मिरची, वांगी यांच्या एकाच फुलात नर-मादी दोन्ही असतात. सकाळी फांदीला टिचकी मारली तरी काम होतं. काकडी, भोपळा, दुधी, दोडका यांची नर आणि मादी फुलं वेगळी. मादीच्या मागे इवलंसं फळ दिसतं, नराच्या मागे नुसता देठ. नर तोडून त्याचा पराग मादीच्या मधोमध हलकेच फिरवायचा. वेळ मात्र सांभाळा. भोपळा आणि काकडी सकाळी लवकर उमलतात. दुधीची पांढरी फुलं संध्याकाळी. दुधीला सकाळी नऊ वाजता ब्रश घेऊन जाणाऱ्यांना कोमेजलेली फुलंच भेटणार.

टोमॅटोची फुलं एप्रिल-मे महिन्यांच्या उकाड्यात गळतातच. त्याला इलाज नाही.

बी कुठलं घ्यावं?

गुलाबी-हिरवा रंग चढवलेलं बी औषध लावलेलं असतं, ते टाळा. पाकिटावर ‘एफ १’ किंवा संकरित असेल तर त्याचं बी धरून पुढच्या वर्षी तसंच झाड येत नाही. गावठी बी शोधा, वाल, चवळी, भेंडी, मिरची यांचं स्वतः धरा. अकोले तालुक्यातल्या राहीबाई पोपेरे यांना २०२० साली पद्मश्री जाहीर झाली ती असं गावरान बी जपल्याबद्दलच. बियांना राख चोळून कोरड्या बाटलीत ठेवा. आपल्या दमट हवेत कागदी पुडीतलं बी ऑगस्टमध्ये बुरशी धरतं.

पांढरा कापूस (पिठ्या ढेकूण), मावा, पानं गुंडाळणं, यावर काय?

आधी पाण्याचा जोरदार फवारा, पानांच्या खालच्या बाजूने. निम्मी कीड तिथेच जाते. मग एक लिटर कोमट पाण्यात पाच मिलिलिटर कडुनिंबाचं तेल आणि भांडी घासायच्या लिक्विडचे थोडे थेंब, चांगलं घुसळून, संध्याकाळी फवारा. सात-आठ दिवसांनी पुन्हा. भर उन्हात फवारलं तर पानं करपतात. पिठ्या ढेकूण मुंग्या इकडून तिकडे नेतात, तेव्हा मुंग्यांची वाट तोडा. मिरचीची पानं चुरडून आकसली असतील (यालाच बोकड्या म्हणतात) तर ती रोगट टोकं कापून कचऱ्यात टाका, खताच्या डब्यात नाही.

कढीपत्त्यावर पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसणारी अळी पुढे हिरवीगार होते आणि तिचं फुलपाखरू होतं. चार पानं तिला द्यायची की नाही हे तुमचं तुम्ही ठरवा. मी देतो.

जीवामृत लागतंच का?

दहा-बारा कुंड्यांना घरचं खत पुरतं. जीवामृत म्हणजे शेण, गोमूत्र, गूळ आंबवून केलेलं पाणी. करायचंच असेल तर नैसर्गिक शेतीवाल्या सुभाष पाळेकरांचं एकराचं प्रमाण (२०० लिटर पाण्यात १० किलो शेण, ५ ते १० लिटर गोमूत्र, २ किलो गूळ, २ किलो बेसन, मूठभर जिवंत माती) वीसपट कमी करा: १० लिटरला अर्धा किलो शेण, पाव ते अर्धा लिटर गोमूत्र, गूळ आणि बेसन शंभर-शंभर ग्रॅम, चिमूटभर माती. दोन दिवस सावलीत, रोज ढवळून. मातीत घाला, कच्च्या खायच्या पानांवर शिंपडू नका. आणि वास येतो, हे घरच्यांना आधी सांगा.

कुंडीखालच्या ताटलीतल्या पाण्याने डेंग्यू होतो म्हणतात.

बरोबर म्हणतात. एडिस डासाला चमचाभर स्वच्छ पाणी पुरतं आणि अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस. आठवड्यातून एकदा ताटल्या रिकाम्या करून घासा. अंडी कोरड्या कडेला चिकटून महिनोन्महिने टिकतात, नुसतं पाणी ओतून भागत नाही. पावसाळ्यात ताटल्या काढूनच ठेवा.

कबुतरं आणि माकडं?

कबुतरांना जाळी. त्यांची विष्ठा खत म्हणून वापरायचा सल्ला ऐकू नका, श्वासाचे आजार होतात. मास्क लावून, ओली करून पुसा. येऊरच्या कडेला राहणाऱ्यांनी माकडांसमोर केळी आणि पेरू लावू नयेत. मिरची, हळद, गवती चहा सहसा वाचतात.

आरओचं टाकाऊ पाणी, एसीचं पाणी घातलं तर?

एसीचं खुशाल घाला. आरओच्या टाकाऊ पाण्यात क्षार एकवटलेले असतात. रोज घातलं तर कुंडीच्या कडेला पांढरी खपली धरते. ते लादी पुसायला वापरा. तांदूळ-डाळ धुतलेलं पाणी उत्तम.

मे महिन्यात पंधरा दिवस गावी जातो. तोपर्यंत?

सगळ्या कुंड्या उन्हातून काढून भिंतीशी एकमेकींना खेटून ठेवा. वर चार बोटं पाचोळा पसरा. मधोमध पाण्याची बादली विटांवर उंच ठेवून प्रत्येक कुंडीत जाड सुती दोरीचं एक टोक बोटभर खोल पुरा, दुसरं बादलीच्या तळाशी. बादलीवर फडकं बांधा, डास नकोत. निघण्याआधी आठवडाभर हे करून बघा, दोरी किती पाणी ओढते ते कळेल. मेथी, पालक, माठ काढून खाऊन टाका, ते तग धरणार नाहीत. शेजारी किल्ली देणार असाल तर ‘रोज पाणी घाला’ असं मोघम सांगू नका, नाहीतर जास्त पाण्यानेच झाडं जातात. माती बोटाला कोरडी लागली तरच एक तांब्या, एवढं चिठ्ठीवर लिहून कुंडीला चिकटवा.